पलंगाखालचं आजारपण

आमच्या कारखान्याच्या रजेच्या नियमांत माणसाला होऊ शकणारं जवळपास सगळं बसतं. लग्न, बाळंतपण, मोडलेला पाय, सासऱ्यांचं तेरावं. कुत्र्याचं मात्र काही बसत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते नियम ज्यांनी आयुष्यभर राबवले ते गृहस्थ माझ्याच घरात कूलरसमोर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. ते माझे वडील.

वडील तरुणपणी साताऱ्याकडून नोकरीसाठी झाशीला आले आणि इथल्या सरकारी कारखान्यात रजा-हजेरीच्या खात्याचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. रजा नाकारण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला ते एक दिवस उशिरा पोचले, कारण त्यांच्या मते आदला दिवस नियमात बसत नव्हता. खोटं ते कधी बोलले नाहीत, आणि त्याचा त्रास त्यांच्यापेक्षा आम्हालाच जास्त झाला. पुढे मीही त्याच कारखान्यात चिकटलो. माझी पहिली काही वर्षं लोकांकडून वडिलांच्या वाटचं ऐकून घेण्यात गेली.

आमच्या कुत्रीला नाव होतं, पण वडील तिला कधी नावाने हाक मारत नसत. 'म्हातारी' म्हणत. ती पिल्लू होती तेव्हापासून म्हणत, पुढे ती खरोखरच म्हातारी झाली आणि वडिलांचं म्हणणं नेहमीप्रमाणे बरोबर ठरलं. दोघांचा व्यवहार सरकारी होता. तिने पलंगावर चढायचं नाही, हा हुकूम पहिल्या दिवशी निघाला तो तेरा वर्षं कायम होता. चहाच्या वेळी वडिलांच्या हातून बिस्किटाचा तुकडा खुर्चीच्या डाव्या बाजूला पडायचा. रोज पडायचा, आणि डावीकडेच पडायचा. "हिचे लाड तुम्ही करता," असं वर आम्हालाच ऐकवायचे.

मे महिन्यात म्हातारी घंगाळभर पाणी प्यायला लागली. झाशीच्या मे महिन्यात कोण पीत नाही, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मग तिने खाणं सोडलं, पोट फुगलं आणि एका सकाळी ती उठलीच नाही. नुसती डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला चादरीत गुंडाळून आमच्या नगरा मोहल्ल्यातून बिजौलीच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर मुळात म्हशींचे. कुत्र्याला हात लावताना त्यांचा चेहरा मोठ्या गवयाला बालगीत म्हणायला सांगितल्यासारखा होतो. पण हात चांगला आहे.

त्यांनी पोट दाबून पाहिलं. "बच्चेदानी में मवाद भर गया है. आज ही निकालनी पड़ेगी." म्हणजे गर्भाशयात पू झाला होता.

"कल तक..." मी म्हणालो.

"कल का सवाल ही नहीं है. और उमर देख लीजिए इनकी. होश में आएँगी कि नहीं, ये मैं नहीं कह सकता."

तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला मी, हुंदके देऊन रडलो. शेजारी खुंट्याला एक म्हैस बांधली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत रवंथ सुरू केलं. घरी फोन केला तर वडिलांनी उचलला. सगळं ऐकून म्हणाले, "हं. जेवायला येणार आहेस का तेवढं सांग." फोन ठेवायचं मात्र विसरले. बराच वेळ मला कूलरची घरघर ऐकू येत होती.

म्हातारी शुद्धीवर आली. डॉक्टरांनाच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं. पण आनंद करायला फुरसत नव्हती. आठवडाभर घरीच सकाळ-संध्याकाळ सलाईन लावायचं, पायातली सुई तिने उपटू नये म्हणून कोणीतरी सतत तिच्यापाशी बसायचं. "ये हफ़्ता निकाल ले गईं तो निकाल ले गईं," डॉक्टर म्हणाले. बायको शाळेत शिकवते, तिच्या परीक्षांचे पेपर तपासायचे होते. म्हणजे रजा मला घ्यायला हवी होती.

मी साहेबांना फोन लावला. "सर, घर में बुज़ुर्ग हैं. ऑपरेशन हुआ है. हालत नाज़ुक है." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"अरे! बाबूजी का?" साहेब म्हणाले.

मी खोकलो. साहेबांनी खोकल्याचा अर्थ लावला आणि रजा दिली.

फोन ठेवून वळलो तर दारात वडील. "खोकलास कशाला?" त्यांनी विचारलं. "मी यात नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर मी खरं काय ते सांगणार. घरच्या आजारपणाच्या नावाखाली पुष्कळांनी मला फसवायला पाहिलंय. आणि आता माझ्याच घरात."

तत्त्व तत्त्वाच्या जागी राहिलं, पण घरातली सगळ्यात थंड खोली वडिलांची होती. म्हातारीची गोधडी त्यांच्या पलंगाशेजारी आली. ती सरकत सरकत पलंगाखालच्या गार फरशीवर गेली आणि तिथेच राहिली. सलाईनची बाटली मच्छरदाणीच्या दांड्याला टांगली. वडील खुर्चीवर बसून वर्तमानपत्राआडून बाटलीकडे बघत. "थेंब हळू पडताहेत," म्हणत. थोड्या वेळाने, "आता जोरात पडताहेत." ही तक्रार होती, काळजी नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

झाशीत कोणी आजारी असल्याचं कळूनही भेटायला न जाणं हा आजारापेक्षा मोठा प्रकार समजला जातो. केळी घेऊन जायचं, रोग्याच्या उशाशी बसायचं आणि याच दुखण्याने गेलेल्या आपल्या मामांची हकिगत सांगायची, अशी पद्धत आहे. मी सगळ्यांना फोनवर सांगितलं, डॉक्टरांनी भेटीगाठींना मनाई केली आहे. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालेले पेशंट स्वतःच बड़ा बाज़ारात दिसले.

दिसले म्हणजे आमच्याच खात्यातल्या एकाला दिसले. हातात पिशवी, डोक्याला पंचा गुंडाळलेला, कापडाच्या दुकानात मलमलीवरून घासाघीस करताना. वडील इतक्या उन्हात तिथे गेलेच कशाला, हे मला ते घरी आल्यावर कळलं. त्यांनी पिशवीतून मऊ मलमलीचा तुकडा काढून माझ्या बायकोच्या पुढ्यात ठेवला. "ते पट्टीचं कापड खरखरीत आहे," एवढंच बोलून पाय धुवायला गेले.

बायको इथल्याच एका जुन्या मराठी पुजारी घराण्यातली. तिच्या मराठीत पिढ्यान्‌पिढ्यांचं हिंदी मुरलेलं आहे. ती हसून म्हणाली, "अहो, बाबांना फिकर तर आहे. फक्त कबूल नाही करायचं."

त्याच संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबली. मी फरशीवर पालथा पडून पलंगाखाली म्हातारीचा पाय धरून होतो. बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, साहेब आलेत."

हे साहेब म्हणजे तेच, ज्यांना पूर्वी शिकाऊ असताना स्वतःच्या सगाईची, म्हणजे साखरपुड्याची, रजा वडिलांनी नाकारली होती. सगाई त्यांच्याशिवाय, फोटो ठेवून झाली, असं ते पार्ट्यांमध्ये हसत हसत सांगायचे. पण हसणं ओठांवरच असायचं. बड़ा बाज़ारची बातमी पोचली होती यात मला शंका नव्हती. मी धडपडत उठून उभा राहिलो. बाटली अर्धी भरलेली होती. सुई काढली असती तर ती पुन्हा लागली नसती, म्हातारीच्या शिरा आधीच सापडत नव्हत्या. मी नुसतं वडिलांकडे पाहिलं.

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी केली. चष्मा काढून त्यावर ठेवला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच संध्याकाळच्या वेळी, ते पलंगावर आडवे झाले. चादर गळ्यापर्यंत ओढली, तिची कड खाली जवळजवळ फरशीपर्यंत सोडली आणि सलाईनची नळी मधूनच उचलून स्वतःच्या हाताखालून घेतली. बाटलीतून निघालेली नळी आता चादरीत शिरत होती. पुढे ती कुठे जाते ते विचारायचं कोणाला सुचलं नसतं.

साहेब केळी आणि शहाळी घेऊन आत आले. बाटली बघून जरा थबकले. खुर्ची ओढून बसले. "बाबूजी, ये अचानक क्या हो गया?"

मला वाटलं, आता हे खरं सांगणार. ते म्हणाले होतेच तसं.

"पेट का ऑपरेशन हुआ है," वडील म्हणाले. "प्यास बहुत लग रही थी. खाना बंद. डॉक्टर ने कहा, आज ही करना पड़ेगा." सगळं खरं होतं. कोणाचं, एवढं सांगितलं नाही.

"अब कैसा है?"

"उमर हो गई है." वडील वर बाटलीकडे बघत होते. "हफ़्ता निकल जाए तो निकल जाए."

साहेबांचा चेहरा बदलला. कोणत्या तयारीने आले होते कोण जाणे. "डर लगता है, बाबूजी?" त्यांनी हळूच विचारलं.

कूलर घरघरत होता. आईच्या शेवटच्या दिवसांतही मी वडिलांना हा प्रश्न विचारू शकलो नव्हतो.

"लगता है," ते म्हणाले. "दोपहर में आँख लग जाती है, तो खुलते ही पहले कान देता हूँ. साँस चल रही है कि नहीं. सुनाई दे तो ठीक. फिर आँख मूँद लेता हूँ." मग म्हणाले, "इतने बरस साथ रहा है. चला जाए तो घर में बैठूँगा किसके लिए?"

वडील आपल्याच जिवाबद्दल बोलताहेत असं साहेबांना वाटलं असावं. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला कारण माहीत होतं. तेवढ्यात वडिलांचा आवाज ऐकून पलंगाखाली म्हातारीची शेपटी फरशीवर आपटायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. टप, टप, टप.

"कुछ आवाज़..." साहेब म्हणाले.

"कूलर है," वडील म्हणाले. "पुराना हो गया."

साहेब वाकून वडिलांच्या पाया पडले. कपाळ जवळजवळ चादरीच्या कडेला टेकलं, आणि ते जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकलेले राहिले. मग ते उठले. फाटकाशी मला म्हणाले, "जितने दिन लगें, ले लीजिए. ठीक से सेवा कीजिए."

मी आत आलो तर वडील उठून बसले होते आणि नळी सरळ करत होते. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मी काही खोटं बोललो नाही." मग चष्मा पुसत पुसत, "कूलरचं तेवढं झालं," म्हणाले.

आठवडा निघाला. म्हातारीने पहिली अर्धी पोळी खाल्ली ती वडिलांच्या ताटातून डावीकडे पडलेली. त्यानंतर नगऱ्यात कोणी ना कोणी वडिलांना तब्येत विचारी, आणि ते अगदी प्रामाणिकपणे उत्तर देत. "आज दूध पी लिया." "टाँके सूख गए." पेशंट स्वतः भाजी घेऊन चाललेला असे, पण कोणाला खटकलं नाही. पलंगावर चढायची मनाई मात्र पुन्हा जाहीर झाली. आजारपण संपलं म्हणजे सवलतीही संपल्या, असं त्यांचं म्हणणं.

हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत, वडील खरोखरच आजारी पडले. ताप, खोकला, अंगात कणकण. फार नव्हतं, पण त्यांच्या वयात फार व्हायला वेळ लागत नाही. बायको दुपारपर्यंत शाळेत. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, घर में बुज़ुर्ग..."

साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं नाही. "कौन-से वाले?"

त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी वाकले तेव्हाच पाहिलं होतं, आणि इतके महिने शब्द काढला नव्हता.

"इस बार सचमुच पिताजी हैं," मी शेवटी म्हणालो.

"दो दिन से ऊपर वालों का ऑडिट चल रहा है, छुट्टी नहीं दे पाऊँगा," साहेब म्हणाले. मग पहिल्यांदा वर बघून, "और उनके पास बैठने वाली तो घर में है न?"

दिवसभर मी चडफडत काम केलं. वडिलांनी सगाईची नाकारलेली रजा यांनी इतक्या वर्षांनी अशी वसूल केली, असं माझ्या मनात येत होतं. वडिलांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरोबर आहे, मीही दिली नसती.

घरी आलो तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. पलंगाखाली बघितलं, म्हातारी नव्हती. वर बघितलं. ती पलंगाच्या ऐन मधोमध, रजईत, पाय ताणून झोपली होती आणि वडील भिंतीकडच्या कडेला उरलेल्या वीतभर जागेत अंग चोरून पडले होते. अंग अजून तापलेलं होतं. मी विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल," ते म्हणाले. "दिवसभर जागी होती. आत्ता कुठे डोळा लागलाय."