महिपतरावांचा बिनफ्लॅशचा फोटो

शनिवार पेठेतल्या महिपतरावांनी अर्ध्या पुण्याच्या लग्नांचे फोटो काढले. पण त्यांच्या स्वतःच्या मुलीचा, भाग्यश्रीचा, बॅडमिंटन खेळतानाचा एकही फोटो घरात नव्हता. सामने नेमके मुहूर्तावर यायचे आणि बाप कुठल्यातरी कार्यालयात "हार जरा वर धरा" म्हणत असायचा. लग्नात त्यांचा शब्द शेवटचा. घास भरवतानाचा फोटो हुकला, तर नवरदेव निमूटपणे पुन्हा घास भरवायचा. एवढ्या लाडाने कुणीही बिघडेल.

अठ्ठ्याण्णव साली एका सॉफ्टवेअर कंपनीने कॉलेजांची स्पर्धा भरवली आणि भाग्यश्री फायनलला पोचली. "बाबा, एक फोटो काढा. बस्स," एवढंच ती म्हणाली. ते "बस्स" महिपतरावांना लागलं.

हॉलमध्ये उजेड नावापुरता होता. समोरच्या मुलीने पहिला स्मॅश मारला, महिपतरावांचा फ्लॅश लखकन उडाला, भाग्यश्रीचे डोळे दिपले आणि पॉइंट गेला. वर हे गृहस्थ त्या मुलीला म्हणतात कसे, "हुकला! परत एकदा मारा!"

सगळा हॉल हसला. पंच तेवढे हसले नाहीत. "काका, इथे लग्न लागत नाहीये. फ्लॅश काढा, नाहीतर बाहेर बसा."

महिपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फ्लॅश पिशवीत टाकला. लेन्सचं तोंड होतं तेवढं उघडलं, शटरचा वेग साठवरून अडीचशेवर नेला. त्याहून कमी ठेवला, तर पोरीच्या जागी नुसता धूर आला असता. तरी मीटर उजेड कमीच दाखवत होता. कॅमेऱ्यात पासपोर्ट-फोटोंचा चारशे स्पीडचा कृष्णधवल रोल होता. तो कमी उजेडातही चालणारा सोळाशेचा आहे असं समजायचं आणि धुताना औषधात जास्त वेळ ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. लेन्स एवढी उघडली की फोकस केसभर चुकलेलाही चालत नाही. म्हणून त्यांनी जाळीजवळची एकच जागा धरली आणि लेक तिथे येण्याची वाट बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला 'थांबा' म्हणाले नाहीत.

भाग्यश्री जिंकली, पण घरी येईपर्यंत बापाशी अवाक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोल धुऊन उजेडात धरला. एका चौकटीत नुसता हात, दुसरीत नुसती जाळी. तिसरी त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

"अहो, आलाय का एखादा?" दाराबाहेरून त्यांच्या बायकोने, इंदुबाईंनी, विचारलं.

"आला!" महिपतराव ओरडले आणि मटकन स्टुलावर बसले. जीव भांड्यात पडला होता.

फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे होते, पण हवेतली भाग्यश्री स्वच्छ दिसत होती, रॅकेटपुढचं शटलसुद्धा. तिने फोटो खिडकीशी नेऊन पाहिला.

"बाबा, हा पॉइंट मी हरले होते."

"फोटोत कुठे दिसतंय?"

ती खळखळून हसली. महिपतरावांना एवढं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पुढची मॅच कधी?"

"डिसेंबरात. भर मुहूर्तांत. तुम्हाला कसं जमणार?"

"लग्नाला दुसरा फोटोग्राफर मिळेल गं. तू दुसरा बाप कुठून आणणार?"