सावंतांचं मशीन

टाळ्या आमच्यासाठी वाजतायत, हे मला मेलरॉयने कोपर मारलं तेव्हा कळलं. लोअर परळच्या ऑफिसात टाउन हॉल चालू होता, म्हणजे सगळ्या स्टाफची मोठी मीटिंग. स्क्रीनवर आमच्या टीमचं नाव होतं आणि आमच्या डिपार्टमेंटच्या हेड, नंदिनी मॅडम, आमच्या प्रगतीचं कौतुक करत होत्या. आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत होतो. या कंपनीत आल्यापासून आम्ही आयडी कार्डं काढली, दोन ट्रेनिंगं केली आणि तीनदा जागा बदलली, बाकी काही नाही.

"आपण नक्की काय केलं गं?" मेलरॉयने विचारलं. तो गिरगावचा, आमच्यातला सगळ्यात हुशार इंजिनीअर.

"माहीत नाही. हसत राहा."

आधी आमचं काम सांगते. दादरला एका कपड्याच्या दुकानावरच्या खोलीत आमची छोटीशी कंपनी होती. काही इंजेक्शनं थंडच ठेवावी लागतात. वाटेत तापली की फुकट जातात, आणि मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही ब्लॉकचेन बसवली होती. खोक्यातला सेन्सर तापमान कळवतो आणि ते एकाच वेळी चार मशीनांवर नोंदलं जातं. या मशीनांना नोड म्हणतात. एक लालबागच्या सावंतांच्या औषधांच्या गोदामात, एक परळच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत, एक माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत आणि एक आमच्याकडे. जुनी नोंद बदलायची तर चारपैकी तीन मशीनांनी हो म्हणावं लागतं. कुणा एकट्याला गडबड करता येत नाही, एवढीच आमची हुशारी.

मग त्या ट्रान्सपोर्ट कंपनीनेच आम्हाला विकत घेतलं. पगार वेळेवर होणार म्हणून आम्हीही खूश होतो.

टाळ्यांचं कारण दुपारी कळलं. कंपनीचे सर्व्हर सांभाळणारा निखिल अभिमानाने सांगत आला, "तुमची चारही मशीनं एका क्लाउड अकाउंटवर आणली. चार जागी मेंटेनन्स कशाला करायचा? आता सगळं एका ठिकाणी, सेफ."

"सावंतांचंही आणलं?"

"सगळीच. माणसं पाठवून उचलली. जुने डबे स्टोअररूममध्ये पडलेत."

हसावं की रडावं, कळेना. चार साक्षीदार एकाच माणसाच्या घरी राहायला नेले तर साक्ष चौघांची राहत नाही, हे मी निखिलला समजावून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. "पण मॅडम, अपटाइम वाढला ना, मशीनं आता बंद पडत नाहीत," म्हणाला. तो खरंच वाढला होता.

त्याच आठवड्यात ऑपरेशन्सचे दळवी माझ्या डेस्कपाशी आले. कंपनीच्या गाड्या त्यांच्या ताब्यात. सावंतांकडून हॉस्पिटलला गेलेली इंजेक्शनं तापली म्हणून परत आली होती. आमच्या नोंदी सांगत होत्या की गोदामातून निघताना माल थंड होता. पुढे गाडी रे रोडच्या डेपोत उभी राहिली आणि तिथे तापमान चौदावर गेलं. आठच्या वर गेलेलं चालत नाही.

"सेन्सरचा घोळ असणार," दळवी म्हणाले. "तेवढं रीडिंग करेक्ट करून टाक."

"नाही करता येत, सर. तीन मशीनांची संमती लागते."

"चारही आपल्याकडेच आहेत ना आता?"

हे 'नाही करता येत' मी इतकी वर्षं छातीठोकपणे म्हणत आले होते. पहिल्यांदाच ते खोटं निघालं. मेलरॉयने नोंदींची कॉपी काढून तिच्यावर करून बघितलं. चहा गार व्हायच्या आत झालंसुद्धा.

गाडीचं रीडिंग पुसलं की संशयाला एकच जागा उरत होती, सावंतांचा फ्रिज. औषध कंपनीने तेवढ्यावरून त्यांची एजन्सी काढून घेतली असती. त्या एका गोदामावर त्यांचं घर चालतं. मी उठले आणि नंदिनी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"टेक्निकली शक्य आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग अडचण काय आहे?"

"शक्य आहे, हीच अडचण आहे."

त्या गोंधळल्या. बाई वाईट नाहीत. "पण बदलता येत नाही अशी नोंद, म्हणूनच तर आपण तुमची कंपनी घेतली ना?"

"हो. आणि घेतल्यावर ती बदलता येईल अशी केली."

मशीनं परत ज्याच्या त्याच्याकडे ठेवू द्या, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दळवींना मी थांबवते. पण मशीन कंपनीबाहेर ठेवायला सिक्युरिटीवाले परवानगी देणार नाहीत."

तसंच झालं. आमचा अर्ज परत आला. मग मेलरॉयने तोच अर्ज 'आपत्कालीन व्यवस्था' या नावाने पुन्हा टाकला. इथला सर्व्हर बंद पडला तर लालबाग आणि परळची मशीनं चालू राहतील, असं लिहिलं. तासाभरात मंजूर. पहिल्या अर्जात आणि दुसऱ्यात फरक काय होता, हे मला अजून समजलेलं नाही.

स्टोअररूममधलं मशीन पिशवीत घालून आम्ही लालबागला गेलो. सावंतकाका गोदामातच होते. ते रागावलेले नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"तुमची माणसां इली, मशीन घेवन गेली," ते म्हणाले. "माका वाटला तूच धाडलंस. म्हणान काय विचारूक नाय."

मेलरॉय तारा जोडत होता, म्हणून मला खाली बघायला निमित्त होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचं मशीनही जागेवर गेलं. कंपनीकडे दोनच उरली, आणि दोघांच्या संमतीने काही बदलत नाही. चौदा अंश होते तिथेच राहिले. कंपनीने माल भरून दिला, काकांची एजन्सी टिकली. दळवी लिफ्टमध्ये भेटले की अजून गुड मॉर्निंग म्हणतात.

त्या दिवशी लालबागहून निघताना काकांनी विचारलं, "परत कोण नेवक इलो तर?"

"देऊ नका."

"आणि तू इलंस तर?"

"मलाही देऊ नका, काका."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुझ्यार विश्वास नाय ठेवचो?"

"नाही ठेवायचा. ठेवावा लागू नये म्हणूनच हे मशीन बनवलंय."

त्यांना ते अजिबात पटलं नाही. कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही असं मशीन आम्ही त्यांना दिलं होतं, आणि माझ्यावरच्या विश्वासापोटीच त्यांनी ते देऊन टाकलं होतं. हल्ली नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिली सूचना माझ्याविरुद्धच देते.