अण्णांची खुर्ची आणि उम्म अल क्वैनची शर्यत

मानसीताईने फोनवर विचारलं, "येतेस का? फेब्रुवारीत इथे हवा छान असते." मी म्हटलं, बघते. माझ्या 'बघते'चा अर्थ 'नाही' असा होतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिने लगेच पुढचं टाकलं: तिथल्या मराठी मंडळातले दहा-बारा जण रविवारी कार रेसला चाललेत, आणि तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, माझंही तिकीट काढायला लावलंय. त्याच संध्याकाळी मी रजेचा अर्ज केला.

कारण असं की मी चाकणजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. हायवेच्या कडेला लोखंडी कठडे असतात ना, त्यांच्यावर आम्ही गाड्या आपटतो आणि कठडा किती वाकला ते मोजतो. आमच्या मैदानात प्रेक्षक नसतात. ते असले की काय होतं, हे मला बघायचं होतं. घरी मात्र 'दुबई बघायला चालले' एवढंच सांगितलं. त्याला कोणी फाटे फोडत नाही.

मानसीताई माझी चुलत बहीण. ती, केदार भावजी, नऊ वर्षांची आर्या आणि अण्णा अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात. सगळे तिला एमबीझेड म्हणतात. अण्णा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी गुडघा बदलला आणि मुलगा त्यांना इकडे घेऊन आला. त्यांची आयुष्यभराची मिळकत काय, असं विचारलं तर ते फ्लॅट किंवा पेन्शन सांगणार नाहीत. ते सांगतील की नाटक कधीही पहिल्या रांगेच्या मागे बसून पाहिलेलं नाही. तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी थिएटरवर हजर, प्लॅनवर बोट ठेवून 'ही आणि ही', आणि मग महिनाभर सोसायटीत त्याची चर्चा. त्यामुळे शर्यतीचं तिकीट काढतानाही त्यांनी भावजींना एकच प्रश्न विचारला होता: "पहिली रांग आहे ना?"

तिकीट साठ दिरहम, म्हणजे आपले चौदा-पंधराशे रुपये. खुर्च्यांना नंबर नाहीत, आधी येईल त्याची जागा. ही सूचना आपल्या माणसांना देणं म्हणजे काय, ते आयोजकांना माहीत नसावं.

रविवारी सकाळीच निघालो. एमबीझेडहून उत्तरेला ३११ नंबरचा रस्ता धरला की दुबईच्या पाठीमागून सरळ जाता येतं. रस्ता गुळगुळीत, कडेला वाळू आणि विजेच्या तारा. दुबई संपेपर्यंत मजा असते. शारजा सुरू झालं की मजा संपते. रविवार असूनही गाड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. भावजी म्हणाले, कामाच्या दिवशी याहून वाईट असतं. त्यांच्या ऑफिसातले निम्मे लोक भाडं वाचवायला शारजात राहतात आणि वाचवलेलं आयुष्य या रस्त्यावर घालवतात. तुम्ही गेलात तर पाणी, खायला काहीतरी आणि शांत ड्रायव्हर घेऊन जा. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या.

शारजा ओलांडल्यावर एका टपरीवर करक चहा घेतला. दाट, वेलदोड्याचा, दोन दिरहम कप. अण्णांनी लगेच रुपये सांगितले आणि पुण्यात एवढ्यात काय काय येतं तेही सांगितलं. आर्या मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग." अण्णांनी दुसरा कप मागवला आणि त्याचेही रुपये सांगितले.

ट्रॅक उम्म अल क्वैनच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत आहे. लंबगोल आणि जुना. शर्यत स्टॉक कारची. स्टॉक कार म्हणजे बाहेरून आपल्या नेहमीच्या सेडानसारखी दिसणारी, पण आत फक्त सांगाडा, एक सीट आणि भरपूर आवाज असलेली गाडी. या गाड्या एकमेकींना घासत गोल गोल पळतात आणि त्यांना घासायची परवानगी असते. एवढी माहिती पुरे आहे.

आता जरा कामाचं, कारण तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर हेच उपयोगी पडेल. गाडी वळणातून बाहेर पडताना तिचा ओढा बाहेरच्या भिंतीकडे असतो. म्हणून शेवटच्या वळणानंतरची बाहेरची बाजू सर्वांत धोक्याची, आणि तिथेच सगळ्यांना बसायचं असतं, कारण गाड्या तिथे सर्वांत जवळून जातात. तिथे कमरेएवढी काँक्रीटची भिंत आहे आणि तिच्यावर तारांची उंच जाळी. जाळी भिंतीसारखी ताठ उभी राहत नाही. धक्का बसला की ती मागे फुगते, आणि फुगते म्हणूनच गाडी थांबते. त्यासाठी तिच्या मागे जागा लागते. ती रिकामी जागा जाळीचाच भाग आहे. तिथे पिवळी रेषा मारलेली असते. तिच्या आत बसायचं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मंडळाची पहिली गाडी आधीच येऊन गेली होती आणि जागा धरून झाली होती. शेवटच्या वळणाच्या समोर, जाळीला लागून, प्लास्टिकच्या दोन मोठ्या चटया. त्यांच्यावर चार पर्स, एक ओढणी आणि पाण्याचा कॅन. पिवळी रेषा दिसत नव्हती, कारण ती चटईखाली होती.

अण्णांनी घडीची खुर्ची उघडून थेट जाळीला टेकवली आणि बसले. नाटकाच्या पहिल्या घंटेला बसतात तसे, हात मांडीवर ठेवून.

मी मानसीताईला बाजूला घेऊन सांगितलं. तिने ते भावजींना सांगितलं. भावजींनी हसून मंडळाला सांगितलं की आमची इंजिनीयर घाबरली. कोणीतरी म्हणालं, अगं, एवढी मोठी जाळी आहे, दुबई आहे ही, इथे सगळं सेफ असतं. ही उम्म अल क्वैन आहे, एवढंच मी दुरुस्त केलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात केशरी जाकीट घातलेला एक मार्शल, म्हणजे ट्रॅकवरची सुरक्षा बघणारा माणूस, आला. सलीमभाई, मूळचे दापोलीकडचे, आठवडाभर शारजात टायरचं दुकान आणि रविवारी इथे. मराठी ऐकून ते खूश झाले आणि पुढच्याच क्षणी दुःखी झाले. "तिसऱ्यांदा सांगतोय," ते म्हणाले, "पिवळ्या रेषेच्या मागे बसा. लोक हो हो म्हणतात, नि मी वळलो की परत इथेच."

"कुठली रेषा?" अण्णांनी विचारलं.

सलीमभाईंनी वाकून चटईचा कोपरा उचलला. रेषा होती.

अण्णांनी तिच्याकडे कर्जाच्या अर्जाकडे बघावं तसं बघितलं. "ही चटईच्या खाली आहे. म्हणजे आम्ही रेषेवर आहोत. आत नाही."

सलीमभाईंच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला आणि ते निघाले. जाताना मला म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्या आहात. तुम्हीच बघा." रेषेच्या आत माणूस असेल तर शर्यत सुरू करायची नाही, असा नियम असतो. पण नियम सलीमभाईंच्या हातात होता आणि हिरवा झेंडा दुसऱ्याच्या.

मी अण्णांच्या शेजारी उकिडवी बसले आणि जाळी कशी फुगते ते हाताच्या पंजाने दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसलोय. स्टेजवरून कोणी अंगावर आलेलं नाही."

"इथे येतं," मी म्हटलं.

"मग जवळून दिसेल."

मी उठले. मंडळ हलवायचा उपाय मला माहीत होता, कारण मीही याच लोकांत वाढले आहे. जिवाच्या भीतीने आपली माणसं जागा सोडत नाहीत. जेवण सुरू झालं तर सोडतात. मानसीताईने आदल्या दिवशी केलेली धपाटी, मटारच्या करंज्या आणि चहाचे दोन थर्मास चटईच्या मागे होते. मी आणि आर्याने ते उचलले आणि प्रेक्षकांच्या गॅलरीच्या वरच्या पायऱ्यांवर नेऊन मांडले. तिथे दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमधून बसने आलेली काही माणसं आधीच वाऱ्याला बसली होती. त्यांनी सरकून जागा दिली. मी कागदी प्लेट मांडल्या आणि मानसीताईला खूण केली. ती खाली बघून म्हणाली, "धपाटी गार होतायत." गारच होती. पण पाच मिनिटांत सगळं मंडळ वर आलं. चटया तिथेच राहिल्या, पर्ससकट.

अण्णा आले नाहीत. हात हलवून त्यांनी खुणावलं, माझी प्लेट इकडे पाठवा.

भावजी चिडून खाली जायला निघाले. मी म्हटलं, थांबा, मी जाते. कारण वरून मला एक गोष्ट दिसली होती. अण्णा ट्रॅककडे बघत नव्हते. ते पायऱ्यांकडे बघत होते. पायऱ्या उंच होत्या, कठडा नव्हता आणि वर सगळं मंडळ बसलेलं होतं. मंडळासमोर दोघांनी अण्णांना काखेत धरून चढवलं असतं, आणि कोणीतरी 'सावकाश, अण्णा, सावकाश' म्हटलंच असतं. माणूस पहिल्या रांगेला चिकटून का बसतो याची अनेक कारणं असू शकतात. नाटकाचं कारण सांगायला सगळ्यांत सोपं होतं.

मी सलीमभाईंना गाठून विचारलं, वर जायला दुसरा रस्ता आहे का. होता. मागच्या बाजूने कोल्ड्रिंकची हातगाडी चढवायला एक उतार केलेला होता, आणि तिथे कोणीच नव्हतं.

अण्णांच्या खुर्चीजवळ येऊन मी म्हटलं, "मला वरून फोटो घ्यायचेत. पायऱ्यांवर फार माणसं आहेत आणि मला गर्दी आवडत नाही. मागून रस्ता आहे. सोबत येता का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. त्यांनी आयुष्यभर समोर बसून खोटं बोलणारी माणसं बघितली आहेत.

"तुला गर्दी आवडत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग काय, यायला पाहिजे." ते खुर्चीचा आधार घेऊन उठले. डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली. "जागा सोडलेली नाही. फक्त तुझ्याबरोबर येतोय."

उतार आम्ही आमच्या गतीने चढलो. मी आधार दिला नाही, फक्त त्यांच्या त्या गुडघ्याच्या बाजूने चालले. वर पोचलो तेव्हा हिरवा झेंडा पडला होता. आवाजाचं वर्णन करत नाही. कानात घालायला बोळे न्या, माझ्या बॅगेत होते ते मी वाटले. अण्णांनी प्लेट घेतली आणि पहिल्यांदाच पूर्ण ट्रॅक बघितला. म्हणाले, "इथून सगळंच दिसतं की."

शर्यत निम्मी झाली असेल. शेवटच्या वळणात निळ्या गाडीने लालला मागून घासलं. लाल गाडी आडवी झाली, भिंतीवर चढली आणि पुढच्या बाजूने जाळीत घुसली. जाळी मागे फुगली. गाडी थांबली, थोडी मागे आली आणि ट्रॅकवर घसरत गेली. जाळीही परत जागेवर आली. हे सगळं माझ्या कामाच्या टेबलावर मी व्हिडिओत अनेकदा सावकाश करून बघितलं आहे. सावकाश बघताना त्यात खुर्ची नसते.

खुर्ची उडून चटईच्या पलीकडच्या टोकाला पडली होती. तिचे पाय एकाच बाजूला वळले होते. चटईवर काचा, रबराचे तुकडे आणि खडी. ड्रायव्हर खिडकीतून स्वतः बाहेर आला आणि त्याने हात वर केला, तेव्हा गॅलरीने श्वास सोडला. मानसीताईने अण्णांचा हात धरला होता आणि भावजी खुर्चीकडे बघत उभे होते. आर्या हळूच म्हणाली, "मावशी, दॅट वॉज आजोबाज सीट."

मी हात खिशात घातले.

सलीमभाई चटया गोळा करून वर घेऊन आले. पर्स आणल्या, खुर्ची आणली आणि टोपी झटकून अण्णांच्या हातात दिली. टोपीला काही झालं नव्हतं. अण्णांनी ती उलटसुलट करून बघितली, घातली, आणि सलीमभाईंना म्हणाले, "बसा. करंजी घ्या." मग थोड्या वेळाने, "तुम्ही सांगितलं होतं बरं का." अण्णांच्या तोंडून माफी एवढीच निघते, असं भावजी नंतर म्हणाले.

परतताना शारजाच्या कोंडीत कोणी कुरकुर केली नाही. अण्णांनी एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला आणि मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्या गोष्टीत जाळी नव्हती, रेषा नव्हती, उतारही नव्हता. "मानसीची बहीण आहे ना, पुण्याची. तिला गर्दी अजिबात सहन होत नाही. पोरगी एकटी वर कशी जाणार, म्हणून मी उठलो. नाहीतर आज..." खोट्याला सही माझीच होती.

पुण्यात परत येऊन आता दोन महिने झाले. खजूर संपले, केशर आईने लपवून ठेवलंय. ती वाकडी खुर्ची एमबीझेडच्या बाल्कनीत आहे. अण्णा ती टाकू देत नाहीत, असं मानसीताई सांगते. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी ती दाखवतात, मग चहा. गोष्ट मात्र माझ्याआधी पुण्यात पोचली होती. गेल्या आठवड्यात मामेभावाच्या लग्नाला गेले तर मामाने मला हाताला धरून हॉलच्या अगदी मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे दाराजवळ एकच खुर्ची मांडलेली होती. "तुला गर्दीचा त्रास होतो ना," तो म्हणाला, "अण्णांचा मुद्दाम फोन आला होता."

मी बसले. पंगतीचं बोलावणं तिथपर्यंत सगळ्यांत शेवटी आलं. पण तिथून सगळा हॉल दिसत होता, आणि माझ्या मागचं दार उघडं होतं.