आवाज आधी पोचवणारे परबसर

सकाळी डबा भरत होते, तेव्हा परबसरांच्या भाच्याचा फोन आला. "बाई, मामा गेलो," एवढंच तो म्हणाला. त्याने फोन ठेवला तरी मी कान देऊन उभीच... सर स्वतःच काहीतरी बोलतील असं वाटत होतं. त्यांचा आवाज तर चार महिन्यांपूर्वीच गेला होता.

दामोदर परब आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे, मी अर्थशास्त्र. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्यांचे वडील गोव्यातल्या पेडण्याचे, नोकरीसाठी मोझांबिकला गेलेले. आई तिथली, आफ्रिकन. ती वारल्यावर वडिलांनी दोन वर्षांच्या दामोदरला आणून पेडण्यात आपल्या बहिणीच्या ओटीत घातलं. रंग, केस, चेहरा सगळं आईचं आणि बोलणं आतेचं. सर तास वर्गात सुरू करत नसत, कॉरिडॉरच्या टोकापासूनच मोठ्याने शिकवत यायचे. नव्या मुलांना मराठी आधी ऐकू यायची, माणूस मागाहून दिसायचा. ही कसली घाई, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आधी आवाज पोचांदे, मगे तोंड." आम्ही दोघंही हसलो. आजही घंटा झाली की त्या कॉरिडॉरमध्ये माझं पाऊल अडखळतं. मागून कुणीतरी कवितेचा अर्थ सांगत येतंय असा भास होतो आणि वळून बघायचा धीर होत नाही.

स्टाफरूममध्ये त्यांचे किस्से ऐकायला आम्ही टपलेलेच असायचो. मोरजीच्या किनाऱ्यावर शहाळेवाला त्यांच्याशी इंग्रजीत घासाघीस करू लागला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, आमच्याच कुळागरातलो नारळ माका विकतंस?" पणजीच्या एका चर्चासत्रात त्यांना थेट परदेशी पाहुण्यांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. सर सांगायचेही असं रंगवून की चहा सांडायची वेळ यायची. मीसुद्धा कमी नव्हते. "आज परदेशी पाहुण्यांचा दौरा कुठे?" असं मी त्यांना येता-जाता चिडवायचे. एकदाच, सगळे हसत असताना ते हळूच म्हणाले, "दमलंय गो मी." पेपर तपासून दमले असतील असं मी धरून चालले.

मग घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. खिशात एक छोटी वही आली. भाच्याला सुट्टी मिळेना म्हणून एकदा तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्याकडे बघितलं आणि इंग्रजीत पासपोर्ट मागितला. सरांनी आधार कार्ड पुढे केलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि आतल्या माणसाला हाक मारली. आणि मी काय केलं? मी हसले. सवयीने. आता सर काहीतरी भन्नाट बोलतील म्हणून वाट बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... ती नजर मला झोपू देत नाही. मग वही काढून त्यांनी लिहिलं, 'आता तरी तू बोल.'

मी बोलले. "हे पेडण्याचे आहेत. मराठीचे प्राध्यापक आहेत." मुलगी ओशाळली, "सॉरी सर" म्हणाली, कार्ड परत दिलं. दोन वाक्यांचं काम होतं. बावीस वर्षांत ती माझ्या तोंडून एकदाही निघाली नव्हती. परतताना गाडीत सर घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

शोकसभेत एकेकाने उठून त्यांचे किस्से सांगितले. शहाळ्याचा, चर्चासत्राचा. सभागृह हसलं, मीही हसू लागले आणि मधेच थांबले. पुढच्या रांगेत त्यांचा भाचा बसला होता. तो एकटा हसत नव्हता.