हौसा त्या दिवशी मिरच्या भाजत होती

रेवती, ये, अशी जवळ बस. ओरडायची नाही मी, पण बोलणार आहे. तेही पेपरच्या पुरवणीत, चारचौघांदेखत. आमची हौसा जाऊन महिना होत आला आणि तू फोनवर एक फोटो धाडून मोकळी झालीस? तुझ्या सिनेमातला, तिचा डोळे भरलेला. तिच्या लेकानं तोच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर छापला. ताम्हिणीकडं जाणाऱ्या गाड्या आता ते रडकं तोंड बघत जातात... आणि माझा जीव जळतो.

वाचणाऱ्यांना सांगते. हौसा माझी शेजारीण, जन्माची मैत्रीण. आमच्या मुळशीत धरणाखाली जमिनी गेलेल्या घरांवर रेवतीनं सिनेमा काढला आणि तो बघायला आम्हा दोघींना पुण्याच्या महोत्सवात नेलं. सकाळपासून एकामागून एक सिनेमे. पहिल्यात एक माणूस नुसता चालतच होता. हौसा मला मोठ्यानं म्हणाली, "तारे, ह्याची यष्टी चुकली वाटतं!" मागून "श्शू" झालं. दुसऱ्यात नवरा-बायको जेवताना चकार शब्द बोलत नव्हती. "भांडा की रं, मोकळं व्हाल!" पण शेवटी त्या बाईनं आतून दार लावून घेतलं, तेव्हा हौसानं माझा हात घट्ट धरला. सिनेमा कळत होता तिला, चांगला कळत होता.

संध्याकाळी आमचा. पडद्यावर एवढी मोठी हौसा, गालांवर धारा, मागं रडवं संगीत. हौसा ताडकन म्हणाली, "अगं, त्या दिशी मी मिरच्या भाजत व्हते!" व्हय की! ठसक्यानं आम्ही दोघी आणि तूसुद्धा, रेवती, खोकत खोकत हसत होतो. कॅमेरा चालूच होता. ते हसणं कुठं गेलं?

नंतर बोलायला माईक आला. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, "आजी, त्या अश्रूंविषयी सांगा ना." हौसा म्हणाली, "दुख न्हाई वो बाई, मिरच्यांचा ठसका त्यो." बाईंनी परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी लांबलचक सांगितलं आणि सगळं थेटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणते, "आजींचं दुःख मिरचीसारखं जळतं, असं सांगितलं." आणि तू व्यासपीठावर असून गप्प! का गं?

परतताना पिरंगुट मागं पडल्यावर हौसा म्हणाली, "जमीन गेली तवा माजी आजी रडली आसंल. मी हसून दिस काढलं, तारे. त्ये कुनाला दाखवायचंच न्हाई व्हय?"

परवा तिच्या धाकट्या नातीनं मला विचारलं, "आजी सारखी का रडायची?" घरातल्या पोरीला असं वाटावं? सिनेमा तुझा, त्यात काय ठेवायचं ते तू ठरव. पण कापून काढलेलं हसणं फेकलं नसशील ना...

सकाळी चहा उकळला की माझा हात अजून आपसूक मधल्या भिंतीवर पळी वाजवतो. हौसाला ती चहाची हाक होती. आता पलीकडून ती नात धावत येते. तिच्यासाठी ते हसणं घेऊन ये. चहा ठेवते. लवकर ये गं.