साधं मडकं

गेल्या शनिवारी राहुरीत बचत गटांचं प्रदर्शन होतं आणि आमच्या मातीकामाला पहिल्यांदाच स्टॉल मिळाला होता. तोही कोपऱ्यावरचा, येणाऱ्याची पहिली नजर पडेल असा... मी तर हवेतच होते.

आम्ही कुंभार. चाक सासूबाईंचं, रंगकाम माझं. आठवडाभर मोबाईलवर स्टॉल सजावटीचे व्हिडिओ बघून डोळे लाल केले होते मी. उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे, मध्ये थोडी मोकळी जागा... सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

संध्याकाळी पाच वाजता सजावटीचा नंबर काढायला मॅडम येणार होत्या. नंबर आला तर पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात जागा. मला तो नंबर हवा होता, खोटं कशाला बोलू.

सासूबाईंनी टेम्पोत सहा साधी मडकी घातली होती. ना रंग, ना आरसे. "आत्या, ही कोण घेणार तिथं?" म्हणून मी वाद घातला, तर "ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणाल्या. मग स्टॉलवर मी ती पालथी घालून त्यांच्यावर फळ्या टाकल्या आणि वरून जांभळी साडी अंथरली. वर सोनेरी नक्षीची मडकी, आरशांच्या पणत्या, घंटा. लोक थांबून फोटो काढत होते.

चारच्या सुमाराला एक माणूस आला. तिशीचा असेल. शर्टावर उसाचे डाग, चेहरा उतरलेला. एकेक मडकं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मडकं पायजे हुतं."

मी लगेच सुरू. "या ना दादा! हॉलमध्ये ठेवायला हवंय की झाड लावायला?" आणि सगळ्यात भारी सोनेरी मडकं त्याच्या हातातच दिलं.

त्याने ते दोन्ही हातांत धरलं. "ह्येला रंग हाय," हळूच म्हणाला. "रंगाचं चालतं का, मला ठावं न्हाई."

"चालतं म्हणजे काय! पाण्यानेसुद्धा जात नाही हा रंग," मी म्हणाले. हसून म्हणाले.

मागे बसलेल्या सासूबाई उठून पुढे आल्या. त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं. "कोन गेलं, बाळा?"

"कारभारीन... सकाळी, दवाखान्यात."

पाथर्डीकडचा होता, ऊसतोडीला आलेला. गाव लांब, म्हणून इथंच करायचं ठरलं होतं, दिवस मावळायच्या आत. ज्याने मडकं धरायचं त्याला कोणी मडकं आणायला पाठवत नाही. सासूबाईंनी विचारलंच, "तू सोता आलास?"

"टोळीतली काई मानसं लाकडाला गेली मावशी, काई तिच्यापाशी बसल्यात. सांगनारं मोठं कुनी न्हाई."

सासूबाई मला म्हणाल्या, "फळी उचल."

मी आधी घड्याळ बघितलं. चार वीस. "आत्या, दुसरीकडे मिळेल ना यांना..." हे मी बोलले. त्याच्यासमोर बोलले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. स्वतःच साडी ओढली, तेव्हा कुठे मी फळीला हात लावला. पणत्या घरंगळल्या, तीन-चार फुटल्या. त्यांनी खालची दोन मडकी काढली, बोटाने वाजवून चीर नाही ना ते बघितलं. "ह्ये पान्याचं. ह्ये इस्तवाचं."

मग त्याला सगळं सांगितलं. खांद्यावर कसं धरायचं, फेरे किती, दगडाने भोक कोणी पाडायचं... दोनदा सांगितलं, सावकाश. "मडकं टाकलं की मागं बघायचं न्हाई. सरळ निघायचं." तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. शेजारी लाऊडस्पीकरवर पापडाची जाहिरात चालली होती.

त्याने खिशातून नोट काढली. सासूबाई नको म्हणाल्या. "फुकट नगं मावशी. तिच्या नावाचं हाय." मग त्यांनी घेतली.

दोन्ही बगलांत मडकी धरून तो वळला. आणि मी... ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून एक वाक्य म्हणायचं. सकाळपासून शंभरदा म्हटलं असेल. तोंडातून निघूनच गेलं.

"धन्यवाद दादा, पुन्हा या."

तो थांबला. मागे वळून बघितलं. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. "बरं ताई," म्हणाला आणि गेला.

सासूबाई खाली बसून फुटलेल्या पणत्या गोळा करायला लागल्या.

पाचला मॅडम आल्या. फळी एका बाजूला कललेली, निम्मा माल जमिनीवर. "मांडणी चाललीये का अजून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्या पुढे गेल्या. नंबर गेल्याचं मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं, ती मडकी का घेतली होती म्हणून. "कुंभाराकडं साधं मडकं न्हाई, आसं चालत न्हाई. कुनाला कवा लागंल, सांगून येतंय व्हय?" आणि भाकरी थापायला बसल्या.

दादा, तुम्ही हे वाचणार नाही, मला माहीत आहे. तरी माफी मागते. त्या दिवशी सासूबाई मागे बसलेल्या नसत्या, तर मी तुम्हाला ते सोनेरी मडकंच कागदात गुंडाळून दिलं असतं... आणि तुम्ही ते घेऊन गेला असतात.