मनगटाचा झटका

लढाईच्या वर्षांत नंदुरबारच्या आमच्या क्लबात टेबल टेनिसचे चेंडू मिळेनासे झाले, आणि कळसाडीहून कापूस घेऊन येणारे एक गृहस्थ नेमके तेव्हाच खेळायला लागले. धोतराचा सोगा कमरेला खोचून ते उभे राहायचे. जाळीजवळ पडलेला आखूड चेंडू मनगटाच्या झटक्याने मारायचा, एवढा एकच फटका त्यांना साधायचा होता. चेंडू जाळीत गेला की ते खेळ थांबवायचे, नुसतंच हवेत मनगट फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर, तसाच परत टाका." मी वैतागून टाकायचो. हिवाळाभर माझ्या संध्याकाळी अशाच गेल्या.

धुळ्याच्या जोडीशी सामना ठरला, तेव्हा दुसरं कोणी नसल्यामुळे तेच माझे जोडीदार झाले. शेवटच्या गेममध्ये आम्ही मागे पडलो. आणखी एक गुण गेला असता तर हरलोच असतो. मी त्यांना बाजूला घेतलं.

"आता फक्त चेंडू परत करा. झटका नको."

"नही मारस," ते म्हणाले.

चेंडू आखूड आला आणि त्यांनी झटका मारलाच. चेंडू टेबलाला न शिवता भिंतीवर आपटला.

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलो.

"चेंडू गया ते सोडा, मास्तर. मनगट बराबर फिरनं का नही?"

फिरलं होतं, पहिल्यांदाच, अगदी हवं तसं. मी कबूल करावं म्हणून ते घाम पुसत माझ्याकडे बघत राहिले. पण मी इतका चिडलो होतो, की सामन्यानंतर आलेला चहा संपवल्यावरच माझ्या तोंडून "हो" निघालं.